तुमच्याकडचा पाऊस आता कधी येतो?

७ जूनला मृग लागायचा, त्याच्या आत छत्र्या माळ्यावरून उतरायच्या आणि कुरडया डब्यात जायच्या, हे आमच्या घरचं वेळापत्रक. २०२५ साली २६ मेलाच पाऊस मुंबईत हजर. गेल्या ७५ वर्षांत इतक्या लवकर तो आला नव्हता. माझ्या कुरडया गच्चीवर, मी ऑफिसात. संध्याकाळी चादरीवर नुसता चीक उरला होता.

जाण्याचंही तेच. हवामान खात्याने २०२० मध्ये तारखाच बदलल्या. मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख २९ सप्टेंबर होती, ती ८ ऑक्टोबर झाली. कागदावर नऊ दिवस. या नऊ दिवसांनी तुमच्या घरात, शेतात, धंद्यात काय केलं ते लिहा. तापमानवाढीवरचे लेख पोत्याने मिळतात, ते नकोत. डोळ्यांनी पाहिलेलं हवंय.

कलमवाला, देवगड

नऊ दिवसांचं विचारलंत म्हणून सांगतो. पाऊस लांबला की हापूसच्या कलमांना ताणच बसत नाही. पूर्वी दसऱ्याच्या सुमाराला कडक ऊन पडायचं, जमीन सुकायची, पालवी जून व्हायची आणि थंडी पडली की मोहर. आता दिवाळीत आकाशकंदिलाला प्लास्टिक बांधतो आम्ही. मुळाशी ओल राहिली की झाड मोहर विसरतं आणि पालवीच काढत बसतं. कोवळी पालवी म्हणजे तुडतुड्यांची पंगत. वडील दोन-तीन फवारण्यांत हंगाम काढायचे, माझ्या गेल्या वर्षी आठ झाल्या.

बरं, मोहर आला, कणी म्हणजे बारीक फळं धरली, तरी सुटका नाही. मध्येच परत थंडीची लाट येते आणि त्याच डहाळीला दुसरा मोहर फुटतो. शहरातल्या पाहुण्यांना वाटतं, वा, दुप्पट आंबे! झाड सगळं बळ नव्या मोहराला देतं आणि वाटाण्याएवढी कणी गळते. सकाळी बागेत गेलं की पायाखाली कुरकुर वाजते, ती आपली कमाई असते.

मग साका. कातळ तापतो, त्याची धग पिकायला आलेल्या फळाला लागते. बाहेरून पिवळाधमक, घरभर वास, आणि सुरी घातली की आत पांढरी, रबरासारखी फोड. वरून ओळखायची सोय नाही. जुन्या गिऱ्हाइकाने असा फोटो पाठवला की पैसे परत करतो. पुढच्या वर्षी त्याचा फोन येत नाही.

शंकेखोर

राग मानू नका, पण पाऊस कधी वेळेवर होता? आमचे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडत होते. तेव्हा कुणी हवामानबदल म्हणत नव्हतं.

सोयाबीनवाला, लातूर जिल्हा

शंकेखोर भाऊ, आमचेही आजोबा खडीवरच होते. ते म्हणायचे, बहात्तरात खायला अन्न नव्हतं, पण विहिरीला प्यायला पाणी होतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. मी घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहिलेलो आहे. आणि त्याच जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबरात रान पाण्याखाली. दुष्काळ आम्हाला नवा नाही, जमीन खरडून जाणं नवं आहे. ओढ्याकाठच्या पट्टीत काळी माती गेली, खाली मुरूम उघडा पडलाय. त्यात पेरणार काय? वरच्या रानातलं सोयाबीन काढून गंज लावली होती, ताडपत्रीही होती. आठ दिवसांनी ताडपत्री उचलली तर आतून वाफ आली आणि शेंगांतून हिरवे कोंब. माझी धाकटी म्हणाली, बाबा, उगवलं की! तिला काय सांगणार.

शंकेखोर

मुरुमाचं वाचून गप्प बसलो.

रोठा, श्रीवर्धन

आमची गोष्ट नऊ दिवसांची नाही, एका दुपारची आहे. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. आम्ही घरात कपाट दाराला लावून बसलो होतो. वारा थांबल्यावर मागचं दार उघडलं तर पलीकडच्या आळीतलं देऊळ दिसलं. ते आमच्या परसातून जन्मात दिसलं नव्हतं, मध्ये सुपारीची वाडी होती. सुपारी मोडून एकावर एक पडलेली. नवं झाड लावून पीक हातात यायला सात-आठ वर्षं जातात. भरपाई हेक्टरावर मोजणार म्हणाले, आमच्या वाड्या गुंठ्यांत. सुपारीच्या सावलीत मिरी होती, जायफळ होतं, तेही उन्हाने गेलं. लावलेली रोपं आता डोक्याच्या वर आहेत.

दुबईकर

आमच्याकडे पाऊस म्हणजे वर्षातले चार दिवस. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनजवळ एका दिवसात अडीचशे मिलिमीटर. घरचे विचारत होते, कृत्रिम पावसासाठी ढगांत बी जास्त पेरलं काय? तसं नव्हतं, मोठी वादळी प्रणालीच आली होती. इथल्या बऱ्याच रस्त्यांना गटारच नाही, कशाला असेल? गाडी तळघरात बुडाली. शेजारच्या चिपळूणच्या काकू मात्र शांत. पहिलं काम त्यांनी मला पासपोर्ट आणि पीठ वरच्या फळीवर ठेवायला लावलं.

वलांडी, उत्तन

आमचे बोंबील उन्हावर. दिवाळी झाली की वलांडीवर, म्हणजे सुकवायच्या मांडवावर, जोडीजोडीने टांगायचे, जबड्यात जबडा अडकवून. चांगलं ऊन आणि वारा असला तर तीन-चार दिवसांत कडक होतात. २०२१ च्या डिसेंबरला पहिल्याच तारखेला पाऊस आला, डिसेंबरात! अर्धवट सुकलेला बोंबील भिजला की संपला, मऊ पडतो, किडे होतात. सगळा माल कोंबड्यांच्या खाद्याला वजनावर दिला. तेव्हापासून मुलगा मला मोबाइलवर ढगांचा नकाशा दाखवतो. परवा त्यात लाल डाग दिसला म्हणून आम्ही चौघींनी धावपळ करून सगळे बोंबील उतरवले, घरात पसरले. पाऊस आलाच नाही. रात्रभर दारं-खिडक्या उघड्या ठेवून बसलो, तरी सुनेच्या साडीचा वास अजून जात नाहीये.