गोल्फमध्ये मदत हवी आहे: ४ हायब्रिड मॅटवर सरळ, गवतावर डावीकडे, आणि हाताला काही कळतच नाही

सकाळचा_टी

नमस्कार मंडळी. वय ५३, हँडिकॅप १९ (म्हणजे साधारण दर्जाचा हौशी), उजव्या हाताने खेळतो. पुण्यात आठवड्यातून दोन सकाळी कोर्सवर असतो, एरवी जमेल तसा रेंजवर (सरावाच्या मैदानावर).

नऊ वर्षं माझ्या बॅगेत ४ आयर्न (चपट्या धातूच्या डोक्याचा, लांब पल्ल्याचा क्लब) होतं. दहा फटक्यांत एखादाच नीट बसायचा, पण तो बसला की तळहातात गोड उतरायचा आणि दिवसभर आठवत राहायचा. गेल्या दिवाळीनंतर गुडघा कुरकुरायला लागला, स्विंगचा वेग उतरला, आणि ४ आयर्नचा बॉल हवेत चढेचना. ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) पडला तरी थांबत नसे, घरंगळत मागच्या रफमध्ये (उंच गवतात) जायचा. म्हणून दोन महिन्यांपूर्वी २२ अंशांचा एक वापरलेला ४ हायब्रिड (आयर्न आणि मोठ्या डोक्याचं वूड यांच्या मधला क्लब) घेतला. ग्राफाइट शाफ्ट (दांडा), रेग्युलर फ्लेक्स (मध्यम लवचिक).

रेंजच्या मॅटवर हा क्लब स्वप्नासारखा चालतो. उंच, सरळ, १७० यार्डांच्या पाटीच्या आसपास. कोर्सवर गवतावरून मारला की दोनच गोष्टी होतात. एक तर क्लब आधी जमिनीला लागतो आणि बॉल १२० यार्डांवर बसतो. नाहीतर फटका चांगला लागल्यासारखा वाटतो, बॉल सरळ निघतो आणि शेवटी डावीकडे वळून झाडीत शिरतो. उजवीकडे एकदाही गेलेला नाही.

दुसरी तक्रार आवाजाची. रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी तसा ‘टण्’ असा येतो, आणि चांगला फटका असो की वाईट, मला तो सारखाच वाटतो. आयर्न चुकलं की बोटांना झिणझिण्या यायच्या, कुठे चुकलं ते लगेच कळायचं. इथे हाताला काही कळत नाही. माझ्यासाठी हे डावीकडे जाण्याइतकंच त्रासदायक आहे, कारण चूक कळली नाही तर सुधारू काय?

दोष क्लबचा की माझा? शाफ्ट बदलू? की हा विकून ७ वूड घेऊ? आणखी पैसे घालण्याआधी तुमचं मत हवं आहे.

येरवडेकर

काही गोष्टी सांगा म्हणजे बोलता येईल. बॉल स्टान्समध्ये (दोन पायांच्या मधे) कुठे ठेवता? बॉलपासून किती लांब उभे राहता? आणि जुन्या ४ आयर्नचा शाफ्ट स्टीलचा होता का?

सकाळचा_टी

बॉल डाव्या टाचेच्या समोर, ५ वूडला ठेवतो तिथेच. दुकानात सांगितलं होतं की हायब्रिड म्हणजे छोटं वूडच समजा, म्हणून उभाही वूडसारखाच राहतो. आयर्न स्टीलचं होतं.

फिटिंगवेडा

तुमच्या उत्तरात निम्मं निदान आलंच आहे. सविस्तर लिहितो, कारण हा गोंधळ खूप जणांचा होतो.

आधी मॅट. बॉल डाव्या टाचेसमोर असेल तर तुमच्या स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू बॉलच्या दोन-तीन इंच मागे येतो. मॅटवर क्लब मागे टेकला तरी हायब्रिडचा रुंद, गोलसर तळ घसरत पुढे जातो आणि बॉल छान उडतो. मातीत तीच चूक क्लबचा वेग खाऊन टाकते. म्हणजे चूक मॅटवरही होते आहे, फक्त तिथे दिसत नाही. हायब्रिड आयर्नसारखा किंचित खाली येत मारायचा असतो. बॉल स्टान्सच्या मध्यापासून एक-दोन बॉल पुढे, त्याहून पुढे नको. छोटासा डिव्हट (गवत-मातीचा तुकडा) निघाला तर घाबरू नका, निघालाच पाहिजे.

आता डावीकडे वळणं. बॉल फार पुढे असल्यामुळे क्लब तिथे पोचेपर्यंत फेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) बंद व्हायला, म्हणजे डावीकडे वळायला लागलेला असतो, हे पहिलं कारण. दुसरं, ४ आयर्न साधारण साडेअडतीस इंच असतं आणि ४ हायब्रिड ४० इंचांच्या आसपास. शिवाय स्टीलचा शाफ्ट शंभर ग्रॅमच्या वर आणि ग्राफाइटचा सत्तर-ऐंशी ग्रॅम. लांब आणि हलका क्लब हातातून लवकर वळतो.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हायब्रिडमध्ये वजन खाली आणि फेसच्या बरंच मागे ठेवलेलं असतं. बॉल सहज उंच चढतो तो त्यामुळेच, तुम्ही क्लब घेतलात तेही त्यासाठीच. पण वजन मागे असल्यामुळे बॉल टोच्या (डोक्याच्या बाहेरच्या टोकाच्या) बाजूला लागला की डोकं वळतं आणि दातेरी चाकासारखा बॉलला उलटा फिरवतं. उजव्या हाताच्या खेळाडूचा टोवर लागलेला बॉल डावीकडे वळतो. आयर्नमध्ये वजन फेसच्या जवळ असल्यामुळे हा परिणाम फार कमी होतो. म्हणून तुम्हाला ‘चांगला लागला’ वाटलेला बॉल झाडीत जातो.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलवर ठळक ठिपका काढा, तो फेसकडे करून ठेवा आणि मारा. ठिपका फेसवर उमटेल. वीस बॉल मारा आणि कुठे उमटतात ते लिहून ठेवा. ठिपक्याऐवजी उभी रेषा काढलीत तर लायही (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) कळेल: रेषा सरळ उमटली तर ठीक, सातत्याने कललेली उमटली तर फिटरला (क्लब मापात बसवून देणाऱ्याला) दाखवा. हे होईपर्यंत शाफ्टला हात लावू नका.

आवाजाचं सांगतो. बॉल फेसला चिकटून असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. हातापर्यंत काही पोचायच्या आत बॉल निघून गेलेला असतो. ज्याला आपण ‘फील’ म्हणतो त्यात कानाचा वाटा फार मोठा आहे. कानात कापूस घालून पाच बॉल मारून पाहा, तुमचं लाडकं आयर्नसुद्धा मुकं वाटेल. हायब्रिडचं डोकं पोकळ, फेस पातळ, म्हणून तो वाजतो. तबल्याची किनार आणि शाई यांचे बोल वेगळे, पण नवख्या कानाला सगळा तबलाच वाजल्यासारखा वाटतो. या क्लबचाही मध्यावरचा बोल वेगळा आहे, तुमचा कान अजून त्याला सरावलेला नाही.

खारघर_उतार

वरच्या सगळ्याला अनुमोदन. २००९ची पीजीए चॅम्पियनशिप आठवा. अमेरिकेतल्या हेझल्टीनला शेवटच्या होलवर यांग योंग-उन यांनी सुमारे २०६ यार्डांवरून, हायब्रिडने वाटेतल्या झाडावरून मारून बॉल होलजवळ आणला आणि टायगर वूड्सला हरवलं. आशियात जन्मलेल्या पुरुष खेळाडूचं ते पहिलं मेजर (चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक). तो फटका मी किती वेळा पाहिला असेन! ४ आयर्नने तेवढी उंची आणि एवढं मऊ उतरणं आपल्यासारख्यांना स्वप्नातही जमणार नाही. २००४ची ब्रिटिश ओपन जिंकताना टॉड हॅमिल्टनने स्कॉटलंडमधल्या ट्रूनला ग्रीनच्या कडेवरून हाच क्लब पटरसारखा (बॉल घरंगळवायच्या क्लबसारखा) वापरला होता. तोही सराव करा, पावसाळ्यात फार उपयोगी पडतो.

७ वूड उत्तम क्लब आहे, पण तो आणखी लांब असतो. आत्ता तुमची जी अडचण आहे ती तिथेही येईल.

नाशिककर_९होल

माझा अनुभव थोडा वेगळा. सगळं करूनही माझा हायब्रिड डावीकडेच जायचा. शेवटी फिटरने लाय तपासली, ती माझ्यासाठी फार उभी निघाली. माझ्या क्लबला फिरवता येणारं स्लीव्ह (डोकं आणि दांडा जोडणारा, कोन बदलू देणारा भाग) होतं म्हणून सुटलो. तुमच्या क्लबला स्लीव्ह आहे का ते बघा. शाफ्ट कापायचा विचार मनात आला तर लक्षात ठेवा, अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना डोकं हाताला किती जड लागतं त्याचं माप) साधारण तीन पॉइंट उतरतं आणि डोकं हाताला हलकं लागतं.

सकाळचा_टी

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितोय, कारण सांगितलेलं सगळं करून पाहायचं होतं. क्लबला स्लीव्ह नाही.

वीस ठिपक्यांपैकी तेरा टोच्या बाजूला, पाच मध्यावर, दोन हीलकडे (दांड्याच्या बाजूला). आकडे पाहून गप्पच झालो. रेषा मात्र जवळपास सरळ उमटल्या, म्हणजे लायचा प्रश्न नसावा.

पुढचं कोडं आमच्या कॅडीने सोडवलं. वीस वर्षं याच कोर्सवर असलेला माणूस. मी उभा राहिलो तसा म्हणाला, “साहेब, बॉल लई पुढं ठिवलाय, आन् तुमी लई लांब हुभं ऱ्हाताय. पाच नंबरच्या आयर्नवानी हुभं ऱ्हावा.” उभा राहिलो. ग्रिपवर हात इंचभर खाली घेतला. पहिले चार फटके वाईट गेले, पाचव्याला बॉलच्या पुढे डिव्हट निघाला आणि बॉल ग्रीनच्या मधोमध पडून दोन पावलांत थांबला. दुसऱ्या दिवशीचे ठिपके: वीसपैकी अकरा मध्यावर. अंतर १६५ यार्ड, म्हणजे पाच यार्ड गेले, त्याचं मला काही वाटत नाही. डावीकडे अजूनही जातात, पण फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) कडेला, झाडीत नाही.

आणि आवाज. कापसाचा प्रयोग केला, खरंच आयर्नही मुकं झालं. कापूस काढून नुसतं ऐकत मारत राहिलो. मध्यावरचा आवाज आखूड आणि भरीव येतो, टोवरचा लांबतो. तिसऱ्या दिवशी ठिपका न बघता कुठे लागला ते सांगू लागलो, दहापैकी सात बरोबर आले. हाताला अजूनही आयर्नची आठवण येते, ती जाईल असं वाटत नाही.

एक शेवटची शंका. ओल्या रफमध्ये हा क्लब कितपत वापरावा?

फिटिंगवेडा

अर्धा बॉल गवतावर दिसत असेल तर बिनधास्त वापरा, हा तळ गवतातून आयर्नपेक्षा सहज जातो. फेस आणि बॉलमध्ये ओलं गवत आलं की स्पिन कमी होतो, बॉल पडल्यावर जास्त पळेल, म्हणून ग्रीनच्या पुढच्या कडेचा नेम धरा. बॉल पूर्ण गाडला गेला असेल तर ९ आयर्न घेऊन फेअरवेवर या. आणि ग्रिप झिजली आहे का ते बघून घ्या, पावसात इंचभर खाली धरताना हात सटकतो.