गाडीने चढावं, माणसाने उतरू नये

नेरुळची_लेक
माझी आई ७४ वर्षांची आहे. घरापासून बाग चारशे मीटरवर, रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना फुटपाथ. तरी ती बागेत रिक्षाने जाते. मागच्या महिन्यात तिला हट्टाने चालत नेलं तेव्हा कारण कळलं. वाटेत सोसायट्यांची सात गेटं आहेत. प्रत्येक गेटपाशी फुटपाथ तुटतो. वीतभर खाली उतरा, डांबरावरून चाला, पुन्हा वर चढा. सात वेळा उतरणं, सात वेळा चढणं, आणि दर वेळी ती हाताला काही धरायला सापडतं का ते बघते. पाचव्या गेटानंतर ती सरळ रस्त्यावरून चालायला लागली. मागून हॉर्न वाजत होते.

लोक फुटपाथ वापरत नाहीत, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. हा फुटपाथ वापरायचा कसा, ते मला त्या दिवशी आईने दाखवलं.

माझं म्हणणं एवढंच: फुटपाथ गेटासमोरूनही त्याच पातळीत सलग जावा. गाडीसाठी कडेला उतार द्यावा, तिने हळू चढून आत जावं. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत (आयआरसी १०३) फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिमी सांगितली आहे. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही चालण्याजोगा फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मग गेट आलं की तो हक्क खाली का उतरतो?

सेक्रेटरी_काका
ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण मी अकरा वर्षं सोसायटीचं काम बघतोय, म्हणून विरोध नोंदवतो. आपला नवी मुंबईचा हा भाग सखल, भराव टाकून केलेला. म्हणून तर हे शहर वसवणाऱ्या सिडकोने भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव ठेवले. जुलैत मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की आमच्या आवारातलं पाणी गेटातूनच रस्त्यावर निघतं. तिथे तुम्ही वीतभर उंचवटा केलात तर तो बांधच झाला. पाणी लिफ्टच्या खड्ड्यात जाईल, लिफ्ट बंद पडेल, आणि सातव्या मजल्यावरच्या आजी आठ दिवस घरात अडकतील. शिवाय सकाळी शाळेच्या बस, गाड्या सगळ्या एकदम निघतात. प्रत्येक जण उंचवट्यावर थबकला तर मागे रांग लागणार.

पेडलवाला
काका, पाण्याचा मुद्दा खरा आहे, पण त्याला उत्तरही आहे. गेटाच्या आतल्या बाजूला आडवं जाळीचं गटार घ्यायचं आणि ते फुटपाथखालच्या पावसाळी गटाराला जोडायचं. पाणी खालून जाईल, माणूस वरून. धारण तलावांची पद्धत आपण डचांकडून घेतली ना? तेच डच लोक सोसायटीच्या तोंडाशी उतरत्या कडेचे दगड बसवतात आणि फुटपाथ सलग ठेवतात. गाडी तिरक्या दगडावरून हळू चढते.

आणि गाडी थबकते हाच तर फायदा. आज गेटातून बाहेर पडणारी गाडी थेट रस्त्यावर नाक काढते, सायकलवाल्याला ती शेवटच्या क्षणी दिसते.

रोज_ठाणे_बेलापूर
आधी खड्डे बुजवा. मग दगड बसवा.

सीवूड्सचा_दुकानदार
आज गेट, उद्या दुकानासमोरची जागा, हे मला दिसतंय. माझं गिऱ्हाईक स्कूटर दारात लावून पाच मिनिटांत सामान घेऊन जातं. जागा नाही मिळाली तर ते मॉलमध्ये जाईल, तिथे तळघरात पार्किंग आहे. आमच्या पोटाचा विचार कोणी करायचा?

नेरुळची_लेक
दादा, तुमच्या दारातली जागा मी मागितलेली नाही. पण एक सांगते. आई पूर्वी रोज संध्याकाळी बाजारात जाऊन भाजी, दूध, कधी सुई-दोरा आणायची. आता सगळं फोनवरून मागवते. ते गिऱ्हाईकही तुमचंच होतं.

गावठाणकर
मी दोन्ही बाजूंशी सहमत नाही. ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. आमच्या गावात आजही फुटपाथ नाही, गल्लीत दोन रिक्षा कशाबशा जातात. तरी पोरं गल्लीत खेळतात, म्हाताऱ्या दारात बसतात, कारण तिथे कोणाला वेग घेताच येत नाही. सेक्टरचे रस्ते मात्र असे ऐसपैस की आतल्या रस्त्यावरही पोरं बाइक ५० वर नेतात.

हिशेब करा. पोर आडवं आलं, चालवणाऱ्याला भान यायला एक सेकंद धरा. कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगाने येणारी गाडी साधारण १३ मीटरवर पूर्ण थांबते. ५० वाली भान येण्याच्या त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मीटर पुढे आलेली असते आणि तिचा ब्रेक तेव्हा कुठे लागत असतो. म्हणून आधी आतल्या रस्त्यांचे कोपरे आवळा. आज वळणं एवढी गोल आहेत की वेग न सोडता वळता येतं. फुटपाथ नंतर.

सेक्रेटरी_काका
कोपरे आवळलेत तर अग्निशमनची गाडी वळणार कशी?

पेडलवाला
कोपऱ्याचा आतला पट्टा बुटका आणि खडबडीत दगडी ठेवायचा. बंबाचं चाक त्यावरून जातं, कारवाला सहसा जात नाही. थांबण्याची पांढरी रेषाही दोन-तीन मीटर मागे घ्यायची, म्हणजे मोठ्या गाडीला वळायला जागा मिळते.

सेक्रेटरी_काका
कागदावर पटतंय. पण जाळीचं गटार दर पावसाळ्यापूर्वी उपसणार कोण, याचं उत्तर मिळेपर्यंत आमच्या गेटाला मी होकार देणार नाही. आवाराच्या आतलं गटार सोसायटीच्या खर्चात येईल, आणि आमच्याकडे वर्गणी थकवणारे कमी नाहीत.

नेरुळची_लेक
काका, ही अट मला मान्य आहे. सातही गेटांचा आग्रह मी सोडते. बागेला लागून असलेल्या दोन गेटांपाशी रस्त्याचा उतार बाहेरच्या बाजूला आहे, तिथे पाणी साचताना मी या पावसात पाहिलं नाही. तिथून सुरुवात करू. त्यातलं एक आमच्याच सोसायटीचं आहे. गटार उपसण्याचा खर्च वर्गणीत धरावा, असा ठराव मी येत्या सभेत मांडते आहे. तुम्ही एकदा येऊन पातळी बघून जाल का? सकाळी सातला या, आईही बरोबर येईल.