‘आत्म्याने दाखवलं’ म्हणजे नक्की काय दाखवलं?

थॉमसची_शंका
काल तीन ग्रुपांवरून एकच पोस्ट आली. ‘जी बहीण टिकली लावून उपासनेला बसते तिचे पाय अजून दोन्ही डगरींवर आहेत, हे मला आत्म्याने दाखवलं. पारख नसलेल्या मंडळीचा दिवा विझतो.’ खाली आमेनची रांग. मला राग आला तो टिकलीवरून नाही, ‘आत्म्याने दाखवलं’वरून. एकदा हे म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद. वाद घालायचा तर तो थेट पवित्र आत्म्याशी!

आमच्या मंडळीत एक काका आहेत. शेवटचा बाक, दाराजवळ. प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या पेल्यांचं, ताट फिरायला लागलं की उठून बाहेर. वर्षभर हेच. मग सुरू झालं, ‘काहीतरी पाप लपवतोय’, ‘भावाशी जमिनीवरून वाकडं आहे’. एका उपवास प्रार्थनेत तर त्यांच्या पश्चात्तापासाठी नाव घेऊन प्रार्थना झाली. मीही आमेन म्हटलं, खोटं कशाला बोलू. पुढे वर्गणीच्या पावतीसाठी त्यांच्या घरी गेलो. काकांनी स्वतः चहा आणला. स्वयंपाकघरापासून माझ्यापर्यंत कप बशीत वाजत होता. हात थरथरतात त्यांचे. ताटातले ते अंगठ्याएवढे पेले पांढऱ्या कापडावर सांडतील म्हणून माणूस बाहेर जात होता.

बायबलात यहोशवा 22 काढा. यार्देन नदीकाठी इस्राएलाच्या अडीच वंशांनी मोठी वेदी बांधली. बाकीचे इस्राएल लढायच्या तयारीने शिलोला जमले. पण आधी फिनहास आणि दहा सरदार जाऊन तोंडावर विचारून आले. उत्तर काय, तर ही होमासाठी नाही, उद्या आमच्या पोरांना कोणी परकं म्हणू नये म्हणून साक्षीला बांधली. लढाई टळली. मी पारख म्हणतो ती ही.

गव्हातले_निदण
काकांची गोष्ट चांगली आहे. आता आमच्या घरची ऐका. एक ‘देवाचा माणूस’ यायचा. आईचा गुडघा, तेल, प्रार्थना, ‘विश्वासाचं बी पेरा’. मला पहिल्या दिवसापासून माणूस बरोबर वाटेना. घरातले म्हणाले, दोष काढू नये, मत्तय 7. आईची दीड तोळ्याची पोत गेली, गुडघा आहे तसाच. मत्तय 7 चं पहिलं वचन सगळ्यांना पाठ. त्याच अध्यायात पंधरावं आहे, मेंढरांच्या वेषातले लांडगे. ते कोण वाचणार? आणि जमिनीच्या पैशात खोटेपणा करणाऱ्या हनन्याला पेत्राने पकडलं, तो त्याच्या घरी विचारायला गेला होता वाटतं?

थॉमसची_शंका
हनन्याला नाही, पण त्याच्या बायकोला, सप्पीराला विचारलं. ‘जमीन एवढ्यालाच विकली काय?’ प्रेषित 5:8. तिला बोलायची संधी दिली. तुम्ही त्या तेलवाल्याला काही विचारलं होतं?

गव्हातले_निदण
विचारलं. पैशाची पावती मागितली. म्हणाला, हा अविश्वासाचा आत्मा आहे.

थॉमसची_शंका
मग झाली की परीक्षा. 1 योहान 4:1 तेच सांगतं, प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, परीक्षा करा. तुमची पारख बरोबर होती, घरच्यांनी ऐकायला हवं होतं. टिकलीवालीने कोणाची पोत नेली?

नगरी_भजनी
टिकली राहू द्या. आपल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं बंद करून जो हिंदी धांगडधिंगा चाललाय त्याची पारख कोणी करतंय का? रविवारी ड्रमसेट लावायलाच अर्धा तास. आमचे आजोबा टाळ घेऊन बसायचे. परवा एक पोरगा मला म्हणतो, अंकल, अभंगात अभिषेक नसतो.

वसईची_वाडी
आम्ही कॅथलिक, त्यामुळे तुमच्या भांडणात पडत नाही (पडतेच आहे). जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला, त्याच्या ‘आध्यात्मिक साधने’ या पुस्तकात आत्म्यांची पारख करायचे नियम शेवटी येतात. त्याच्या कितीतरी आधी, सुरुवातीलाच एक अट आहे. शेजाऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावायची तयारी ठेवा. लागत नसेल तर तुला काय म्हणायचंय हे त्यालाच विचारा. चुकत असेल तर प्रेमाने सुधारा. आणि ते पारखीचे नियम मुख्यतः स्वतःच्या मनात काय चाललंय ते ओळखायला आहेत, शेजारणीच्या कपाळावरचं वाचायला नाहीत.

गव्हातले_निदण
म्हणजे आता जेझुइटांकडून शिकायचं. चालू द्या. टिकली हे चिन्ह आहे, चिन्हाला अर्थ असतो, एवढंच म्हणणं आहे.

केडगावची_लेक
अर्थ लावणारे पंडिता रमाबाईंच्या वेळीही होते. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटिजला बाप्तिस्मा घेतला, तरी मांस-अंडी खाईनात. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनना त्यात जातीचा अभिमान दिसला. क्रुसावर लॅटिन का, संस्कृत का नको, असं विचारलं तेही खटकलं. पुढे त्याच बाईने हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं.

गव्हातले_निदण
रमाबाई टिकली लावायच्या का?

केडगावची_लेक
विधवा होत्या त्या! मुद्दा समजून न घेण्याचंही कृपादान असतं का?

गव्हातले_निदण
ताई, भाषा सांभाळा.

केडगावची_लेक
सांभाळते. तुमच्या घरी मंगळसूत्र आहे ना, क्रूस ओवलेलं? ते काळे मणी कोणत्या वचनातले?

गव्हातले_निदण
माझ्या बायकोला मध्ये आणायचं काम नाही!!

केडगावची_लेक
दुसऱ्याची बायको तीन ग्रुपांवर फिरली तेव्हा तो आत्मा. तुमची आली की काम नाही. मी ऑफिसला टिकली लावून जाते, तशीच उपासनेला येते. सासूबाईही लावायच्या. चाळीस वर्षं त्यांनी संडे स्कूल चालवलं. मला कधी कोणी विचारलं नाही, नुसतं बघतात.

नगरी_भजनी
टिळकांनी नावसुद्धा बदललं नाही, नारायण वामनच राहिले. 1917 साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाची ख्रिस्तभक्तांची मंडळी काढली त्यात बाप्तिस्मा न घेतलेलेही होते. आज काढली असती तर आपणच त्यांच्यासाठी उपवास धरला असता. बाकी ड्रमसेटचं कोणी काही बोललं नाही.

गव्हातले_निदण
बरं. पोस्ट मी लिहिलेली नाही, फक्त पुढे पाठवली. ‘आत्म्याने दाखवलं’ हे शब्द नको होते, ‘मला वाटतं’ चाललं असतं. झालं समाधान? टिकलीबद्दल माझं मत तेच आहे. आणि उद्या कोणाची पोत गेली की मात्र ‘विचारून बघा’ म्हणत माझ्याकडे येऊ नका.

वसईची_वाडी
‘मला वाटतं’ला शंभर आमेन पडले नसते, हाही एक फायदा.

थॉमस, त्या काकांचं पुढे काय झालं?

थॉमसची_शंका
मंडळीतले पाच जण माफी मागायला गेले, मीही होतो. काकांनी सगळ्यांना चहा दिला, या वेळी सुनेच्या हातून. पाळकसाहेब म्हणाले, मी पेला अर्धाच भरून तुमच्या बाकाशी आणतो. काका हो म्हणाले. ते दोन रविवार बसले. आता परत ताट निघालं की उठून जातात.