वाचनालयाची जुनी पुस्तकं पाठ कापून ऑफिसच्या स्कॅनरमधून काढावी का?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात आमचं गाव, गावात छोटं वाचनालय, अडीचेक हजार पुस्तकं, त्यातली तीनेकशे अशी की हातात घेतली की पानांचे कोपरे तुटून मांडीवर पडतात. मागच्या पावसाळ्यात भिंतीकडच्या कपाटाला वाळवी लागली, कळेपर्यंत खालचे दोन कप्पे गेले होते, वरून पुठ्ठे धड दिसत होते आणि आत नुसती माती. त्यात काय काय होतं ते पण आता सांगता येत नाही कारण नोंदवही त्याच कपाटात होती. तेव्हापासून माझ्या डोक्यातून हे जातच नाहीये.

आता ओळखीच्या एका सीएंनी त्यांच्या ऑफिसातला जुना स्कॅनर वाचनालयाला दिलाय. वरून गठ्ठा ठेवायचा, कागद एकेक करून आत ओढतो, दोन्ही बाजू एकदम निघतात, मिनिटाला तीसेक कागद. आधी घरचे कागद काढून बघितले, वडिलांच्या सोसायटीच्या पावत्या, जिनिंगच्या काट्याच्या चिठ्ठ्या, केळी विकल्याच्या हिशोबपट्ट्या, दोन संध्याकाळीत अकराशे कागद झाले, मी एकटा होतो.

तर माझं म्हणणं सरळ आहे. ती तीनशे पुस्तकं बाइंडरकडे न्यायची, कटिंग मशीनवर पाठ कापून पानं सुटी करायची आणि स्कॅन करायची. दोनशे पानी पुस्तक म्हणजे शंभर कागद, चार मिनिटं. काचेच्या स्कॅनरवर तेच पुस्तक पाऊण तास खातं, आणि दर वेळी उलटं दाबून पाठ तशीही मोडतेच. जपानमध्ये लोक घरची पुस्तकं अशीच कापून स्कॅन करतात, त्याला जिसुई म्हणतात, म्हणजे आपलं आपण शिजवणं. मला वाटतं वाचता येणारी कॉपी असणं हे कपाटात मरत पडलेल्या पुस्तकापेक्षा शंभर पटीने बरं. तुमचं काय मत?

मेहरूणबोर

काय भो, वाळवीनं खाल्लं ते खाल्लं, आता राहिलेलं तू कापतो का?

रागावू नको पण मला हे वाचून धस्स झालं. कादंबऱ्या कापल्या तर एक वेळ चालेल, दुसऱ्या वाचनालयात प्रत सापडेल. पण गावच्या वाचनालयात खरी किंमत असते ती पातळ पुस्तकांची, जळगाव धुळे अमळनेरच्या छापखान्यात छापलेल्या स्मरणिका, शाळेचे अहवाल, कुठल्या परिषदेचा वृत्तांत, भजनांचं चोपडं. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं, त्या वेळची चार पानी पत्रकं आपल्या भागात कोणाच्या माळ्यावर असतील सांगता येत नाही. अशी एकच प्रत उरलेली वस्तू तू कटिंग मशीनखाली ठेवणार? आणि ती एकच उरलीय का नाही हे तुला कळणार कसं, तुझ्याकडे तर यादीच नाही!

आणि पुस्तकात नुसता मजकूर नसतो ना. कोणी दिलं, कधी दिलं, कोणाचा शिक्का, समासात पेन्सिलीने काय लिहिलंय, हे सगळं पाठीजवळच्या बाजूला जास्त असतं आणि कापताना तेच जातं.

तापीकाठ

मेहरूणबोर, यादी नाही हा मुद्दा मान्य, तिथे मी खरंच चुकतोय, आधी यादी करायला पाहिजे.

पण एक सांगा, तो कागद टिकणार आहे का? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद आला, त्यात तुरटीची प्रक्रिया, त्याचं आम्ल कागदाला आतूनच खातं, म्हणून तो पिवळा पडतो आणि वाळलेल्या पानासारखा तुटतो. आमच्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्री, वर पत्रे. अजून वीस वर्षं नुसतं ठेवून कोणाचं भलं होणार? इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुनी पत्रं छापली नसती तर आपल्यासारख्या माणसाला ती वाचायला तरी मिळाली असती का?

धुळ्याचा मोडीवाला

राजवाड्यांचं नाव घेतलंत म्हणून लिहितोय. त्यांनी पत्रं छापली हे अर्धंच झालं. गावोगाव पायपीट करून ते दप्तरं जमवायचे आणि ते मूळ कागद जपत होते. १९२६ ला ते धुळ्यात वारले आणि लगेच १९२७ मध्ये इथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं ते कशासाठी, तर तो संग्रह सांभाळायला. आजही छापलेल्या ओळीबद्दल शंका आली की अभ्यासक मूळ कागद मागतो. तुम्ही मूळच कापून रद्दीत दिलं तर शंका आल्यावर जायचं कुठे?

दुसरी गोष्ट हात जोडून सांगतो. त्या गठ्ठ्यात मोडी कागद असतील, कोणाच्या घरून वाचनालयात आलेले, तर ते त्या स्कॅनरमध्ये अजिबात घालू नका. तो जुना हातकागद, आपल्या एरंडोलचा कागद एकेकाळी नावाजलेला होता, लगद्याच्या कागदापेक्षा तो कितीतरी चिवट असतो हे खरं, पण त्याची जाडी सारखी नसते, कडा वेड्यावाकड्या असतात, घडीवर झिजलेला असतो, आणि आतला रोलर एका बाजूने ओढतो आणि दुसरा मागे धरून ठेवतो, त्या ओढाताणीत घडीवरच फाटतो. एका घरी फाटलेली सनद मी पाहिलीय, दोन तुकडे, मधली ओळ चुरा. मोडी कागद सपाट मांडायचा, वरून फोटो काढायचा, दुसरं काही नाही.

भरीतपुरी

मले तं दोन्ही बाजूचं पटतंय पण कोणी मशीनचं बोलत नाही म्हणून बोलतो, मी वीस वर्षं ऑफिस मशीनांची सर्व्हिसिंग करतो.

तापीकाठ दादा, तुमच्या मशीनचा ओढणारा रोलर आणि त्याच्या खालचं रबर हे झिजतात, सीएंच्या ऑफिसातून आलंय म्हणजे लाखभर कागद आधीच चालले असतील. जुन्या पुस्तकाच्या पानातून बारीक भुसा पडतो, तो काचेच्या बारीक पट्टीवर बसला की पुढच्या प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ येते, तुम्ही पाचशे पानं काढून मोकळे होता आणि रात्री बघता तर सगळ्यात रेघ. दर पन्नास कागदाला पट्टी पुसा, मऊ कापडाने. टाचणी आणि स्टेपल एकेक करून बघून काढा, एक राहिली तर काचेवर कायमचा ओरखडा.

आणि मे महिन्यात तं हे काम करूच नका. हवा एकदम कोरडी असते, कागदात स्टॅटिक भरतं, दोन पानं चिकटून एकदम आत जातात. चांगल्या मशीनमध्ये दोन कागद ओळखायचा सेन्सर असतो, तो सेटिंगमध्ये चालू आहे का बघा. नसेल तं पानं मोजल्याशिवाय मूळ हातचं सोडू नका. मी अशी फाइल बघितलीय, ४७ नंतर सरळ ५०, आणि मूळ रद्दीवाल्याकडे गेलेलं.

अजून एक. फाइल लहान करायची सेटिंग फार आवळू नका. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रीजेल नावाच्या माणसाने दाखवलं होतं की झेरॉक्स कंपनीच्या काही मशीन स्कॅन करताना ६ चा ८ करत होत्या. फाइल लहान करायला ते सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकाच आकृतीने भरायचे. अक्षर धूसर आलं तं कळतं तरी, इथे चुकीचा आकडा एकदम स्वच्छ दिसत होता. नंतर कंपनीने दुरुस्ती दिली, पण सातबाऱ्यावरचा गट नंबर असा बदलला तं काय होईल विचार करा.

पुठ्ठा आणि खळ

मी बाइंडिंगचं काम करतो, भुसावळकडे. कापायची घाई कशाला करता?

जुनी बरीच पुस्तकं जुजबांधणीची असतात, म्हणजे सोळा पानांचा एक फॉर्म घडी घालून मधून दोऱ्याने शिवलेला. पाठीवरची खळ ओल्या फडक्याने मऊ करायची, दोरा मधून कापायचा, फॉर्म सुटा होतो, कागदाला कात्री लागतच नाही. त्यातला एकेक जोडकागद उघडला की डेमी साइजच्या पुस्तकात तो साधारण अकरा बाय साडेआठ इंच भरतो, म्हणजे तुमच्या ए-फोरच्या स्कॅनरमधून आरामात जातो. फक्त पानांचा क्रम उलटसुलट येणार, पहिल्या कागदावर एकीकडे १६ आणि १, मागे २ आणि १५, तो नंतर कॉम्प्युटरवर लावायचा, स्कॅनटेलर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते जोडपानं कापून सरळ करून देतं, क्रम तेवढा आपण बघायचा. स्कॅन झालं की मी परत शिवून देतो.

हां, पण सरळ सांगतो, घडी जिथे झिजलीय तिथे हे पण चालणार नाही, जोडकागद दोन होतील. आणि शाळेची गाइडं किंवा नुसत्या गोंदाने चिकटवलेली पुस्तकं असतील तर त्यांना शिवणच नाही, ती तर आपोआपच सुटतात.

तापीकाठ

दादा हे मला माहीतच नव्हतं, खरंच. सोळा पानांचा हिशोब कळला. पण एका पुस्तकाला उसवायला आणि परत शिवायला किती वेळ आणि किती पैसे? तीनशे पुस्तकांचं आमचं बजेट नाही, वाचनालयाचं अनुदान वेळेवर येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी कापायचं म्हणत होतो, मला पण आवडत नाही कापायला.

पुठ्ठा आणि खळ

उसवायचं तुम्ही स्वतः शिका, एका रविवारी येऊन दाखवतो, त्याचे पैसे नको. परत शिवायचं सगळ्यांचं गरजेचं नाही, फॉर्म क्रमाने लावून जाड कागदात गुंडाळून सुती नाडीने बांधून ठेवले तरी चालतं, पूर्वी दप्तर बांधायचे तसं. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र ठेवू नका.

अमळनेरची ताई

मी शाळेत शिकवते. सगळे कागदावरच भांडताय पण स्कॅन करून पुढे काय? आमच्याकडे एका ओळखीच्यांनी हौसेने चारशे फायली केल्या, नावं स्कॅन००१, स्कॅन००२, आणि सगळं एका हार्ड डिस्कवर, ती डिस्क पडली. कापलेली पुस्तकं तोपर्यंत रद्दीत गेली होती. तापीकाठ दादा, तुमची वाळवी आणि ती पडलेली डिस्क यात मला काही फरक दिसत नाही.

३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, ए-फोर पान रंगीत घेतलं तर कच्ची फाइल २६ एमबीच्या आसपास जाते, ग्रे घेतलं तर नऊच्या आत, म्हणून लोक लगेच बारीक पीडीएफ करून मूळ डिलीट करतात, तसं करू नका. तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक गावाबाहेर. आणि फाइलच्या नावात पुस्तकाचं नाव, साल, वाचनालयाचा दाखल नंबर.

हक्काचं पण बघा. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं आहे, ते बिनधास्त सगळ्यांना द्या. बाकी जे हक्कात आहे त्याची जपणुकीसाठी डिजिटल कॉपी ठेवायला ना-नफा सार्वजनिक वाचनालयाला २०१२ च्या दुरुस्तीने सूट आहे, पण पुस्तक तुमच्याकडे छापील असलं पाहिजे. आता विचार करा, छापील कापून फेकल्यावर तुमच्याकडे काय राहणार?

केळीबाग

मी तापीकाठच्या बाजूने आहे आणि मागे हटत नाही. सगळे म्हणताय जपा जपा, पण जपायला येतं कोण? माझ्या आजीच्या अहिराणी गाण्यांची वही होती, मावशीने शाळेत असताना लिहून घेतलेली, जात्यावरची, लग्नातली. घरात सगळे म्हणायचे जुनी वही आहे, हात लावू नका, तुटेल. तशीच जपून ठेवली ट्रंकेत. घराचं छत गळलं, शाई सगळी पसरली, एक ओळ वाचता येत नाही. कोणी ती वही टराटरा फाडून जरी स्कॅन केली असती तरी आज माझ्या मुलीला ती गाणी मिळाली असती. बहिणाबाईंची गाणी पण घरच्यांनी कागदावर उतरवून घेतली आणि पुढे १९५२ ला पुस्तक निघालं म्हणून आपल्यापर्यंत आली. वही जपायची होती का गाणी, हा प्रश्न मला आजही छळतो.

मेहरूणबोर

केळीबाग, वाचून वाईट वाटलं भो. पण वही फाडायची गरज नव्हती, मोबाईलने फोटो काढले असते तरी झालं असतं. माझा विरोध स्कॅनला कधीच नव्हता, कापायला आहे. वहीला तर वरूनच कॅमेरा लागतो, पाठ शंभर अंशात उघडी ठेवून. इंटरनेट आर्काइव्हवाले तसंच करतात, इंग्रजी व्हीसारखा पाळणा, वर काच, दोन कॅमेरे, पानं माणूस हाताने उलटतो.

केळीबाग

तेव्हा मोबाईल नव्हता ना आमच्याकडे. आणि पाळणा आणि दोन कॅमेरे गावच्या वाचनालयात कोण देणार? आहे त्या मशीनवर काय होतं ते बोला.

अमळनेरची ताई

आणखी एक, अहिराणी छापील असेल तर अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. टेसरॅक्टला मराठी येतं, पण प्रमाण मराठी. जुन्या वळणाचा झ किंवा अ दिसला की अडखळतं आणि अहिराणी शब्दाला जवळचा मराठी शब्द बसवून टाकतं, मी मुलांकडून पन्नास पानं तपासून घेतली तेव्हा कळलं. चित्र म्हणून पान ठेवाच, मजकूर वेगळा.

तापीकाठ

रात्री समितीशी बोललो. आता असं ठरतंय की आधी सगळ्या पुस्तकांची यादी, मग तीनशेचे तीन गठ्ठे. बाहेर सहज मिळणारी आणि गोंदाची सरळ स्कॅनरमधून. शिवलेली उसवून. आपल्या भागात छापलेली आणि वह्या, यांना मशीन नाही, त्यांचे फोटो काढायचे. मोडीवाले सर, दोन बस्ते निघालेत मोडीचे, तुम्ही म्हणाल तसे सपाट ठेवलेत, बघायला याल का?

कापायचं मात्र मी पूर्ण सोडलेलं नाही. ज्यांची पानं आधीच तुटलीत आणि दुसरी प्रत जिल्ह्यात आहे, ती मी कापणार.

मेहरूणबोर

दुसरी प्रत आहे हे फोनवर विचारून नको, जाऊन डोळ्यांनी बघ. यादीत असतं आणि कपाटात नसतं, तुमच्याच गावात झालंय.

धुळ्याचा मोडीवाला

येतो. पुढच्या शनिवारी चालेल का? तोपर्यंत बस्त्यांची नाडी सोडू नका, कागद ज्या क्रमाने बांधलेत तो क्रम मला बघायचाय.