मदत हवी आहे: स्ट्रोकनंतर मेंदूत नव्या रक्तवाहिन्या येतात, त्याचा खरंच उपयोग होतो का?

नमस्कार मंडळी, बाबांना इस्केमिक स्ट्रोक झाला, डावीकडची एमसीए (मेंदूला रक्त पुरवणारी एक मुख्य वाहिनी) गुठळीने बंद झाली होती. बोलणं बरंच परत आलंय पण उजव्या हाताची बोटं मिटलेलीच राहतात, सोडवायला गेलं की अजून घट्ट होतात. सीटी अँजिओच्या (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनच्या) रिपोर्टमधे 'गुड कोलॅटरल्स' लिहिलंय, न्यूरोलॉजिस्ट म्हणाले त्यामुळेच बराच भाग वाचला. ते समजलं, म्हणजे मुख्य वाट बंद झाली तरी मेंदूच्या पृष्ठभागावरच्या बारीक जोडवाहिन्यांनी दुसरीकडून रक्त पोचवलं, गाभा गेला पण भोवतीचा पेनम्ब्रा, म्हणजे कमी रक्तावर कसाबसा जिवंत असलेला भाग, तगला.

पुढचं मात्र कळत नाहीये. ऑक्सिजन कमी पडला की व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) वाढतं आणि केशवाहिन्यांना नवे फुटवे येतात असं वाचलं, आणि लगेच दुसरीकडे वाचलं की तेच व्हीईजीएफ ब्लड ब्रेन बॅरियर (रक्तातले पदार्थ मेंदूत शिरू न देणारा पडदा) गळका करून सूज वाढवतं. मग हे चांगलं की वाईट? आणि नवीन वाहिन्या आल्या की बोटं उघडतील का, त्यासाठी काही औषध आहे का? नातेवाईक 'नसा उगवणाऱ्या' पावडरींचे फॉरवर्ड पाठवतायत, आई रोज विचारते देऊ का म्हणून. प्लीज कोणीतरी नीट सांगा.

प्रतिसाद:
मी स्ट्रोक रिहॅबमधे फिजिओ आहे. व्हीईजीएफचं सगळं वेळेवर अवलंबून असतं. उंदरांवरच्या प्रयोगात तासाभरात दिलं तर गळती वाढली, ४८ तासांनी दिलं तर नव्या वाहिन्या वाढून रिकव्हरी सुधारली. शिवाय नवा फुटवा कच्चा असतो, पेरिसाइट पेशी बाहेरून चिकटून त्याला पक्का करेपर्यंत तो झिरपतोच. या वाहिन्या काठावरच्या जिवंत भागाला आधार देतात, मेलेला गाभा परत आणत नाहीत. माणसात त्या वाढवणारं मंजूर औषध आज नाही, त्यामुळे पावडर अजिबात नको, काही पावडरी रक्त पातळ करायच्या गोळ्यांशी भांडतात.

आणि बोटांचं म्हणाल तर तुम्ही वर्णन केलंय ती बहुतेक स्पॅस्टिसिटी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायू आपोआप आवळून राहणं, तिचा नव्या रक्तवाहिन्यांशी थेट संबंध नाही, म्हणून वाट बघत बसू नका!! वेळीच ताण दिला नाही तर सांधे आखडतात. बोटं ओढून उघडू नका, आधी मनगट तळव्याच्या बाजूला वाकवा म्हणजे ती आपोआप सैल पडतात, मग हळूहळू सरळ करा. पुढच्या व्हिजिटला स्प्लिंट (हात सरळ धरून ठेवणारा आधार) आणि बोटॉक्सबद्दल (आवळलेला स्नायू सैल करणारं इंजेक्शन) स्वतःहून विचारा. बीपी आणि शुगरच्या गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नका, ज्या कोलॅटरल्सनी बाबांना वाचवलं त्यांनाही तेच जपतं.