दुसऱ्यांचा खेळ ऐकण्यात कसली मजा?

दुसऱ्यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या, पात्रं घेऊन गोष्ट रचत जायच्या खेळात फासे टाकायचे आणि आपण त्याचं पॉडकास्ट तासन्‌तास ऐकायचं, यात मजा ती काय, असं विचारलंत. अहो, रेडिओवर कसोटीचं समालोचन ऐकत आपण दिवसच्या दिवस घालवलेच की! मला हा नाद लागला नाशिक-पुणे प्रवासात. सिन्नर सोडलं की लावायचं. मग चाकणच्या कोंडीत अडकलो तरी चिडचिड होत नाही.

खरी गंमत फाशात आहे. पात्राचा डाव साधतो की फसतो हे ठरवतो वीस बाजूंचा फासा, म्हणजे २० पडून बाजी मारायची शक्यता ५ टक्के, आणि १ पडून फजिती व्हायचीही तेवढीच. गोष्ट सांगणाऱ्यालाही पुढचं ठाऊक नसतं. श्रुतिकेत हे कुठून मिळणार?

'क्रिटिकल रोल' हा असाच एक कार्यक्रम ऐकणार असाल तर २०१८ ला सुरू झालेल्या दुसऱ्या मोहिमेपासून, म्हणजे दुसऱ्या सलग कथेपासून ऐका. पहिलीचे ११५ भाग आहेत, बरेचसे तीन-चार तासांचे. शिवाय खेळणारी मंडळी आधी घरीच खेळत होती, त्यामुळे २०१५ मधला पहिला भाग अर्ध्या गोष्टीतूनच सुरू होतो. मी तिथूनच सुरुवात केली आणि दोनदा सोडून दिलं.

खेळातल्या लढाया मात्र मी सरळ गाळून पुढे जातो. नुसती बेरीज-वजाबाकी! बायको तर विचारते, हे लोक खेळतायत की हिशेबावरून भांडतायत?