कॉमिक आणि गेमवरचे सिनेमे: ‘जसंच्या तसं’ हा हट्ट आता सोडा

निळीशाई (धागालेखक)

कॉमिक किंवा व्हिडिओ गेमवर सिनेमा येतोय म्हटलं की आपण फॅन मंडळी पहिल्या ट्रेलरपासूनच चुका काढायला बसतो. पोशाखाचा रंग तोच आहे का, अमक्या पात्राला का गाळलं, शेवट का बदलला. या सगळ्यात मोजायला हवं ते मोजायचंच राहून जातं, असं माझं ठाम मत आहे.

कॉमिक वाचताना वाचकाला काम असतं. दोन चौकटींच्या मधल्या रिकाम्या जागेत काय घडलं ते तो मनात भरतो, वाटेल तिथे थांबतो, मागचं पान पुन्हा उघडतो. गेममध्ये तर हातच आपला असतो. सिनेमा या दोन्ही गोष्टी काढून घेतो. त्या बदल्यात तो काय देतो, एवढंच मी बघतो.

‘वॉचमेन’ घ्या. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्सचं हे कॉमिक १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आलं. त्याचा पाचवा अंक उघडून बघा. पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानावर आरशातल्यासारखी येते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्यावर, आणि असं करत दोन्ही बाजू मधोमध येऊन भिडतात. हे लक्षात आलं की माणूस पानात बोट अडकवून पुढे-मागे बघायला लागतो. ती मजा वाचकाच्या हातात आहे. झॅक स्नायडरनं २००९ च्या सिनेमात चौकटीच्या चौकटी उचलून पडद्यावर मांडल्या. रक्ताचा ओघळ आलेला पिवळा हसरा बिल्ला तंतोतंत तसाच आहे. पण मारामारी आली की स्लो मोशन, हाडं मोडल्याचा आवाज आणि नायकांचा रुबाब. मुखवटे चढवून कायदा हातात घेणाऱ्या माणसांबद्दल वाचकाच्या मनात शंका पेरणारं कॉमिक होतं ते. सिनेमात तीच माणसं देखणी दिसतात. चित्र तेच राहिलं आणि अर्थ उलटला.

आता ‘इन्टू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८). हा सिनेमा कुठल्याही एका अंकाची नक्कल नाही. पण जंगलातली पळापळ नीट बघा. मुरलेला स्पायडरमॅन पीटर सेकंदाला चोवीस चित्रांत हलतो आणि नवखा स्पायडरमॅन माईल्स बारा चित्रांत. म्हणून पीटर सफाईनं झोके घेतो आणि शेजारी माईल्स अडखळतो. माईल्स कच्चा आहे हे तोंडानं सांगायची गरजच उरत नाही. त्यात जुन्या छपाईतले रंगीत ठिपके, पडद्यावर उमटणारे आवाजाचे शब्द. कॉमिक म्हणजे काय हे ज्यांना आतून कळलंय अशांनी केलेलं काम आहे हे. ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

गेमवरचं उदाहरण द्यायचं तर ‘द लास्ट ऑफ अस’. २०१३ च्या गेममध्ये बिल हा तिरसट, एकटा माणूस. त्याचा जोडीदार फ्रँक आपल्याला दिसतो तोच गळफास घेतलेला. त्याची बिलवर राग काढणारी चिठ्ठी आपणच शोधायची आणि ती बिलच्या हातात द्यायची की नाही हेही आपणच ठरवायचं. २०२३ च्या मालिकेत, तिसऱ्या भागात, मालिकेचा लेखक क्रेग मेझिननं हे सगळं बाजूला ठेवलं आणि दोघांचं पुरं आयुष्य दाखवलं: पियानो, बागेतल्या स्ट्रॉबेरी, आजारपण, शेवटचं जेवण. शेवटी एक चिठ्ठी आहेच, पण ती बिलनं कथेचा नायक जोएल याच्यासाठी लिहिलेली, आणि प्रेमाबद्दल आहे. इतका मोठा बदल करूनही गेमचा गाभा त्या भागात जितका आहे तितका दुसरीकडे कुठेच नाही.

म्हणून म्हणतो, सॅम रायमीनं २००२ मध्ये स्पायडरमॅनचं जाळं यंत्राऐवजी थेट मनगटातून काढलं, तेव्हा झालेला गदारोळ निरर्थक होता. सहमत नसाल तर उदाहरणं देऊन बोला.

कोपऱ्यातला_गेमर

अजिबात सहमत नाही.

बदलाची मुभा दिली की काय होतं ते आम्ही गेमवाल्यांनी सोसलंय. १९९३ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आठवतोय का? रंगीबेरंगी मशरूम किंगडमच्या जागी डायनासोरपासून उत्क्रांत झालेल्यांचं काळपट, मळकट शहर. २०२२ ची ‘हेलो’ मालिका घ्या. गेममध्ये नायक मास्टर चीफचा चेहरा कधी दाखवला नाही, इथे पहिल्याच भागात हेल्मेट उतरवलं. या लोकांना मूळ गोष्टीची लाज वाटते. गेम म्हणजे पोरखेळ, आपण त्याला ‘मोठ्यांचं’ करतोय, असा आव असतो.

आणि फॅन ओरडले की काय होतं तेही बघा. एप्रिल २०१९ मध्ये ‘सॉनिक’चा पहिला ट्रेलर आला. माणसासारखे दात, बारीक डोळे, भलतंच ध्यान. लोक भडकले. सिनेमा नोव्हेंबरवरून पुढच्या फेब्रुवारीवर गेला, आणि सॉनिकच्या कॉमिकवर काम केलेल्या टायसन हेसला बोलावून सॉनिक नव्यानं घडवला. सिनेमा चालला, पुढचे भागही आले. २०२३ चा मारिओ गेमशी इमान राखून केला आणि त्यानं जगभरात १३० कोटी डॉलरच्या वर कमाई केली. ‘जसंच्या तसं’चा हट्ट धरला म्हणूनच हे झालं. आम्ही गप्प बसलो असतो तर अजून तो दातवाला सॉनिक बघत बसावं लागलं असतं.

वेताळटेकडी

माझा मुद्दा दोघांपेक्षा थोडा वेगळा आहे.

आमच्या पिढीनं ली फॉकचा वेताळ (मूळ इंग्रजीतला ‘फँटम’) इंद्रजाल कॉमिक्समध्ये मराठीतून वाचला. १९९६ मध्ये त्याच्यावर हॉलिवूडचा सिनेमा आला, बिली झेनचा. जांभळा पोशाख होता, कवटीची अंगठी होती, पांढरा घोडा होता, लांडगा होता. सगळं होतं, तरी तो मला वेताळ वाटला नाही. कारण कॉमिकमध्ये मुखवट्याआड वेताळाचे डोळे कधीच दिसत नाहीत. मुखवटा काढला तरी चेहरा सावलीत, नाहीतर काळ्या चष्म्याआड. पिढ्यानुपिढ्या तोच एक अमर माणूस आहे असं जंगलातल्या लोकांना वाटतं, ते त्या न दिसणाऱ्या चेहऱ्यामुळे पटतं. सिनेमात बिली झेन चारचौघांसारखा न्यूयॉर्कमध्ये फिरतो, चेहरा उघडा. तिथेच सगळं संपलं.

तेव्हा निळीशाई, काही गोष्टी ‘जसंच्या तसं’ हव्यातच. कुठल्या, एवढाच प्रश्न आहे.

पानोपान

जाळ्याच्या मुद्द्यावर मी लढणार!

१९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी पीटर पार्कर घडवला तेव्हा कोळ्यानं चावून त्याला ताकद दिली, पण जाळं दिलं नाही. जाळं त्यानं स्वतः बनवलं. खिशात पैसे नसलेला शाळकरी मुलगा घरात बसून रसायन तयार करतो, मनगटावर बसेल असं यंत्र जोडतो. आणि ते रसायन ऐन मारामारीत संपतं! म्हणजे डोकं त्याचं, मेहनत त्याची आणि टंचाईही त्याचीच. जाळं आपोआप यायला लागलं की या पोराची हुशारी कथेतून निम्मी गेली. त्याला ‘निरर्थक गदारोळ’ म्हणणं अन्यायाचं आहे. टॉम हॉलंडच्या सिनेमांत तर याहून वाईट: जाळं तो शाळेच्या प्रयोगशाळेत स्वतः बनवतो, पण अंगातला सूट टोनी स्टार्ककडून, म्हणजे आयर्न मॅनकडून भेट! गरीब पोराला अब्जाधीश काका मिळाला. डिटकोचा पीटर असा नव्हता.

निळीशाई

@पानोपान, टोनी स्टार्कबद्दल शंभर टक्के सहमत. पण रायमीनं तो बदल वाया घालवला नाही. ‘स्पायडर-मॅन २’ (२००४) मध्ये पीटर नोकरी, अभ्यास, मेरी जेन, सगळीकडेच कमी पडतोय, मनातून खचलाय, आणि उंच इमारतींच्या मधोमध त्याच्या मनगटातून जाळं येईनासं होतं. डॉक्टर त्याला तपासतो आणि बोलता बोलता त्याच्या मनातलं बाहेर येतं. यंत्र असतं तर बिघाड दुरुस्त करून मोकळा झाला असता. इथे बिघाड त्याच्यातच आहे. टंचाई गेली हे खरं, पण त्या जागी आलेली गोष्ट मला तितक्याच मोलाची वाटते.

@कोपऱ्यातला_गेमर, सॉनिकचा चेहरा सुधारला ते उत्तमच झालं, तो दिसतच वाईट होता. पण त्या सिनेमाची कथा काय आहे? मोंटानातलं एक लहानसं गाव, तिथला पोलीस अधिकारी, त्याच्या गाडीतून प्रवास. यातलं गेममध्ये काय होतं? काहीच नाही. तरी तुम्ही सगळ्यांनी तो आपला मानला. म्हणजे खुद्द फॅनसुद्धा ‘जसंच्या तसं’ मागत नव्हते, त्यांना सॉनिक ओळखू यायला हवा होता. नव्या मारिओतही मला आवडलेली जागा वेगळीच आहे. राजकन्या पीचच्या अडथळ्यांच्या मैदानावर मारिओ पुन्हा पुन्हा पडतो, पुन्हा उठून पहिल्यापासून सुरू करतो. गेम खेळणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना ते ठाऊक आहे. बाकी सिनेमाभर पेरलेल्या ओळखीच्या खुणा मी दुसऱ्या दिवशी विसरलो.

@वेताळटेकडी, तुमचा प्रतिसाद फार आवडला, आणि मला वाटतं तो माझ्याच बाजूचा आहे. न दिसणारा चेहरा वाचक भरतो. सिनेमानं पोशाख जपला आणि वाचकाचं काम हिरावलं.

सेव्हपॉइंट

मग बदल करून जे बिघडतं त्याचं काय? ‘रेसिडेंट ईव्हिल’ बघा. १९९६ च्या गेममध्ये सेव्ह करायचं तर टाइपरायटर शोधायचा, वर शाईची रिबन खर्ची घालायची, आणि रिबनी मोजक्याच. गोळ्याही मोजक्या. दार उघडलं की काळोखात नुसतं ते दारच सावकाश उघडताना दिसायचं. पलीकडे काय आहे कळायचं नाही आणि हात घामानं ओले. २००२ मध्ये सिनेमा आला तो गेममध्ये नसलेल्या ॲलिसला घेऊन. पुढे पुढे उड्या, लाथा आणि न संपणाऱ्या गोळ्या. सहा सिनेमे झाले, पैसाही मिळाला. भीती मात्र हरवली.

माझं मत टोकाचं आहे: गेमवर सिनेमा करूच नये. ‘द लास्ट ऑफ अस’चा शेवट आठवा. हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रियेच्या खोलीत सर्जन हातात हत्यार घेऊन उभा आहे, आणि त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही. मी कंट्रोलर खाली ठेवून कितीतरी वेळ नुसता बसलो होतो. शेवटी बटण मीच दाबलं. मालिकेत ते जोएल झालेला पेड्रो पास्कल करतो. मी सोफ्यावर निर्दोष. ही भरपाई कुणीही करू शकत नाही, मेझिनसुद्धा नाही.

कोपऱ्यातला_गेमर

+१. हॉस्पिटलच्या प्रसंगाबद्दल अगदी मनातलं बोललात.

निळीशाई

@सेव्हपॉइंट, ‘रेसिडेंट ईव्हिल’बद्दलचं तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं माझ्या लेखात घेईन. ॲलिस नवीन आहे ही माझी तक्रार नाहीच. टंचाई काढून टाकली आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही, ही आहे.

हॉस्पिटलबद्दल मात्र असहमत. मालिकेत त्या प्रसंगात आवाज दाबलेले आहेत, गोळ्या लांबून आल्यासारख्या वाटतात आणि वर संगीतकार सांताओलालाचं संथ संगीत. जोएलच्या चेहऱ्यावर राग नाही, घाई नाही. गेम खेळताना मी जोएल होतो, म्हणून हा चेहरा मला कधी बघताच आला नव्हता. बाहेरून बघितल्यावर तो माणूस किती भयानक दिसतो! अपराधाच्या जागी मालिकेनं मला ही भीती दिली. माझ्या लेखी ही भरपाई झाली.

पानोपान

जरा आनंदाचं बोलू. ‘ॲक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ (२०२३) मधलं मुंबॅटन (मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून केलेलं शहर) बघताना इंद्रजालच्या जुन्या अंकांची छपाई आठवली की नाही? तिथला भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर मूळ २००४ च्या कॉमिकमध्ये धोतर नेसायचा आणि त्याला शक्ती मिळायची ती एका योग्याकडून. सिनेमानं त्याला आजच्या शहरातला, झोकात वावरणारा पोरगा केला. हा बदल मला मनापासून आवडला. (जाळ्याचं मत कायम आहे!)

वेताळटेकडी

आठवली, अगदी! मी भाच्याबरोबर बघितला. त्यानं वेताळ वाचलेला नाही, पण ते रंग बघून मीच त्याला घरी जुने अंक काढून दाखवले.

कोपऱ्यातला_गेमर

बरं, निळीशाई, आता पुढचं सांगा. निन्टेंडोनं २०२३ मध्ये ‘झेल्डा’वर सिनेमा जाहीर केलाय, खऱ्या नटांना घेऊन, दिग्दर्शक वेस बॉल. मुख्य गेममध्ये नायक लिंक कधी बोलत नाही. तो गप्प असतो म्हणून तो ‘मी’ असतो. तुमच्या न्यायानं त्याला पडद्यावर बोलतं करायचं का?

निळीशाई

हो, करायचं. लिंकच्या गप्प राहण्यात खेळणारा स्वतःला ओततो. प्रेक्षकाच्या हातात कंट्रोलर नाही, त्याच्यासमोर नुसताच एक मुका मुलगा उभा राहील. त्याला कशाची भीती वाटते, राजकन्या झेल्डाबद्दल काय वाटतं, हे कुठूनतरी यायला हवं. मोजकंच बोलू दे, पण बोलू दे.

कोपऱ्यातला_गेमर

चॅप्लिन कुठे बोलत होता? न बोलता पोटात कालवाकालव करणारे नायक सिनेमानंच दिलेत. लिंक बोलला तर तो कुणीतरी दुसराच होईल. वेताळाचा चेहरा झाकलेला हवा हे तुम्हाला पटतं, मग लिंकचं गप्प राहणं का नाही?

निळीशाई

चॅप्लिनचं न बोलणं इंच इंच रचलेलं होतं. टोपी उचलण्यापासून काठी फिरवण्यापर्यंत प्रत्येक हालचाल बोलत होती. वेस बॉलनं लिंकची तलवार धरण्याची, ढाल पाठीला लावण्याची, भांडी फोडण्याची पद्धत तशी रचली, तर एकही संवाद नको, मी तुमच्या बाजूनं उभा राहीन. पण ‘गेममध्ये बोलत नाही म्हणून इथेही नाही’ एवढंच कारण असेल तर तो ‘वॉचमेन’चा बिल्ला झाला.

कोपऱ्यातला_गेमर

हे मान्य. पण अंगरखा हिरवाच हवा. त्यावर तडजोड नाही.

निळीशाई

२०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये निन्टेंडोनंच त्याला निळा दिला होता.